नुसता नावाला

दुसऱ्याची सही ठोकणं हे पाप, की शेजारधर्म? नोकरीत असताना मला हा प्रश्न कधी पडला नाही. असले प्रश्न पाडून घेणं पगारात बसत नसे. तो पडला निवृत्तीनंतर, धसईच्या घरी, भर श्रावणात, ओटीवर.

पुतण्या खगोलशास्त्र शिकतो. माळशेज घाट ओलांडला की जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाचा कानोसा घेत बसल्या आहेत. २००१ साली देशाला अर्पण झालेली ही दुर्बीण तारे ऐकते, आणि इच्छा नसताना विजेच्या तारांची, मोबाइलची खरखरही ऐकते. ही खरखर गाळणारा कुणाचा तरी जुना फोर्ट्रानमधला प्रोग्रॅम आणि ह्याचा नवा, सी भाषेतला, अशी सोयरीक जुळवायची होती. एकेका फाइलचं व्याकरण तपासतो तो कंपायलर; त्याने दोन्ही स्थळं पसंत केली. गाठ बांधतो तो लिंकर. तो ऐन वेळी म्हणाला, ‘या नावाचं इथे कुणी नाही!’

दोन दिवस पोरगा त्या एका ओळीशी भांडत होता. मधून मधून वीज जायची, तेवढीच विश्रांती. तिसऱ्या दिवशी त्याने त्याच नावाचं एक रिकामं फंक्शन लिहून टाकलं. लिंकर खूश! तो नाव विचारतो, काम नाही. संध्याकाळी पडद्यावर ठळक ठिपका उगवला, कुठल्याच यादीत नसलेला. आमच्या आईने साखर वाटली आणि ताऱ्याला आपल्या सासूबाईंचं नाव देऊन मोकळी झाली.

“पण खरखर गाळली कोणी?” मी आपलं सहज विचारलं.

“कोणी नाही, काका. ते फंक्शन नुसतं नावाला आहे. तात्पुरतं.”

मला आमचा मस्टर आठवला. एक सहकारी नाटकाच्या तालमींना पळायचा आणि त्याची सही मी ठोकायचो. मोठा दोस्त म्हणून मिरवायचोही. त्याच्या टेबलावर एका विधवा बाईंच्या पेन्शनचा कागद होता. त्या तीनदा येऊन गेल्या. मस्टरप्रमाणे साहेब जागेवरच होते!

हे पुतण्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. रिकामं फंक्शन तेवढं पुसलं.

रात्री दीडला उलगडा झाला. जीफोर्ट्रान हा कंपायलर प्रत्येक नावाच्या शेपटीला गुपचूप एक आडवी रेघ जोडतो. सीचा जोडत नाही. माणूस घरातच होता, आडनावाने हाक मारायला हवी होती. खरखर गाळली गेली. तिच्याबरोबर ठिपकाही गेला.

आई रोज विचारते, “तारा दिसतो का रे?”

“ढग आहेत,” आम्ही दोघंही सांगतो. धसईत ढग आहेतच.