न पाहिलेला माल आणि दिलेला शब्द

परदेशातील विक्रेत्याकडून इंटरनेटवर मागवलेली वस्तू वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर ती परत करण्याचा प्रश्न वरवर पाहता पैशाचा आणि टपालखर्चाचा वाटतो. परंतु ज्या व्यवहारात खरेदीदाराने वस्तू पाहिलेली नसते, हाताळलेली नसते आणि केवळ दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून दाम मोजलेला असतो, तेथे मूळ प्रश्न शब्दाच्या खरेपणाचा असतो, आणि म्हणूनच तो धर्माचा व तत्त्वज्ञानाचा प्रश्न ठरतो. वर्णन खोटे ठरल्यावर परतीचे ओझे कोणी वाहावे आणि मधले अंतर ही सबब होऊ शकते काय, एवढ्या मर्यादेत येथे त्याचा विचार केला आहे.

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीवरचे बंदर. समोरच्या तीरावर दिघी, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारी फेरीबोट. या किनाऱ्याला मासळीच्या खरेदीचा जो परिपाठ आहे तो सर्वस्वी डोळ्यांचा आणि बोटांचा आहे: कोळीण माशाचा कल्ला उचलून आतला तांबडेपणा दाखवते, गिऱ्हाईक अंगठ्याने मांस दाबून पाहते, आणि मगच भाव ठरतो. त्याच किनाऱ्यावर आता सातासमुद्रापलीकडून मागवलेली पुडकी येतात, ज्यांच्या बाबतीत कल्ला उचलून पाहण्याची सोय नाही. दृष्टांतादाखल एखाद्या मच्छीमाराने परदेशी विक्रेत्याकडून घेतलेली विजेरी विचारात घेता येईल. खाऱ्या पाण्यात न गंजणारे पोलाद आणि बुडाली तरी पाणी आत न शिरणारी बांधणी, असे तिचे वर्णन होते असे समजावे. प्रत्यक्षात होडीवर दोन-चार रात्री काढल्यावर काचेला आतून दव धरते आणि तोंडावरच्या कड्यावर तांबूस गंजाची रेघ उमटते. विजेरी पेटते, उजेडही देते, तेव्हा ती अगदीच निकामी आहे असे म्हणता येत नाही. मात्र जे विकत घेतले ते हे नव्हे. विक्रेता कळवतो की स्वखर्चाने परत पाठवा, नाहीतर थोडी रक्कम घेऊन वस्तू ठेवून घ्या. आणि परतीचे टपाल विजेरीच्या किमतीहून महाग पडते.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तरच, आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा मनुष्य. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने पुढे स्पष्ट केले आहे की, आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे आणि सर्वांचे व्यवहार त्यावरच चालतात. या विधानाला दोन्ही बाजूंनी धार आहे: विक्रेता परका आहे म्हणून त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवता येत नाही, आणि तो परका आहे म्हणून त्याला शब्दातून सूटही मिळत नाही. पडद्यावरचे छायाचित्र पाहिले म्हणजे वस्तूचे प्रत्यक्ष घडले, असेही मानता येणार नाही. कोणती बाजू, कोणत्या उजेडात दाखवायची हे विक्रेत्यानेच ठरवलेले असल्याने छायाचित्र हाही त्याच्या शब्दाचाच एक प्रकार ठरतो.

खोट्या वर्णनामागे दर वेळी कपट असतेच असे नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाचे, म्हणजे आचरणाच्या मूलभूत नियमाचे, विवरण करताना असे सांगितले आहे की, वाणी ही आपले ज्ञान दुसऱ्याच्या मनात पोचवण्यासाठी असते आणि म्हणून ती वंचक, भ्रांत किंवा प्रतिपत्तिवंध्य असू नये. जाणूनबुजून फसवणारी ती वंचक, बोलणाऱ्याच्याच गैरसमजातून आलेली ती भ्रांत, आणि ऐकणाऱ्याला काहीच नीट बोध न होऊ देणारी ती प्रतिपत्तिवंध्य. विजेरीच्या विक्रेत्याला पोलाद साधे आहे हे ठाऊक असेल तर त्याची वाणी पहिल्या प्रकारची, कारखान्याचे म्हणणे न तपासता त्याने पुढे केले असेल तर दुसऱ्या प्रकारची, आणि यंत्राने केलेल्या विस्कळीत भाषांतरातून काही अर्थच लागत नसेल तर तिसऱ्या प्रकारची होय. पापाच्या दृष्टीने तिघांत अंतर आहे. परंतु तिन्ही ठिकाणी खरेदीदाराच्या मनात जे पोचायला हवे होते ते पोचलेले नसल्यामुळे वस्तू परत घेण्याचे कर्तव्य तिन्ही ठिकाणी सारखेच उरते.

धर्मशास्त्राने हा विषय फार पूर्वी हाताळलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदे, म्हणजे राजसभेत येणाऱ्या वादांचे प्रकार, दिली असून त्यांपैकी एक क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, हा आहे, आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना १० दिवसांची मुदत दिली आहे. त्याच अध्यायात भेसळीचा, निःसत्त्व, मापात कमी, दूर असलेला किंवा झाकलेला माल विकू नये असे बजावले आहे. अंतराची गणना तेथे भेसळीच्या पंक्तीत होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत परीक्षेच्या मुदती मालानुसार वेगळ्या आहेत: बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७ आणि दुभत्या जनावराला ३. याच यादीत दासदासीही आहेत, आणि माणसाला माल मानणारा तो भाग आज त्याज्यच ठरतो. परंतु ज्या वस्तूचा दोष जितक्या काळात उघडा पडतो तितकी तिची मुदत, हे त्यामागचे तत्त्व आजही पटण्यासारखे आहे. बाराव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा अपरादित्य याने याच स्मृतीवर ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाणारी टीका लिहिली, म्हणजे कोकणच्या राजसत्तेला हा विचार परका नव्हता.

या किनाऱ्याचा दुसरा वारसा इस्लामी धर्मशास्त्राचा आहे. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी मताचे असले तरी कोकणी मुसलमान परंपरेने शाफई मत पाळतात. हनफी मतात न पाहिलेली वस्तू विकता येते, मात्र पाहिल्यावर सौदा मोडण्याचा खियार, म्हणजे निवडीचा हक्क, खरेदीदाराला राहतो. शाफई मताचा प्रचलित कल त्याहून कडक असून न पाहिलेल्या नेमक्या वस्तूची विक्री ते ग्राह्य धरत नाही. वर्णनावरून विक्री करायची असेल, तर त्यासाठी ‘सलम’ हा करार आहे, ज्यात दाम आधी द्यायचा असतो आणि मालाची जात, गुण व परिमाण अगोदरच बारकाईने ठरवायचे असते. वर्णनाशी न जुळणारा माल स्वीकारण्याचे बंधन खरेदीदारावर नसते. मालातला ऐब लपवणे दोन्ही मतांत निषिद्ध आहे. वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल दाखवणारा आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारणारा पैगंबरांचा प्रसंग हदीस ग्रंथांत नोंदलेला आहे. राशीत घातलेला तो हात आणि कल्ला उचलणारे ते बोट एकाच न्यायाने चालते.

आधुनिक कायदा याच दिशेने आलेला दिसतो. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही विक्रीची गृहीत अट आहे. शिवाय वेगळा करार नसेल आणि नाकारण्याचा हक्क असेल, तर माल परत पाठवण्याचे बंधन खरेदीदारावर नाही, नाकारल्याचे कळवणे पुरेसे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी, जाहिरातीतल्या गुणांशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देण्याची विक्रेत्याला मनाई केली आहे, आणि भारतात स्थापन न झालेल्या पण येथील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल पुरवणाऱ्या ई-कॉमर्स संस्थाही त्या नियमांच्या कक्षेत घेतल्या आहेत. तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथे करता येते, त्यामुळे आगरदांड्याच्या रहिवाशाला अलिबागच्या जिल्हा आयोगाचे दार खुले आहे. परदेशी विक्रेत्यावर आदेशाची अंमलबजावणी करवून घेणे अवघड असते हे खरे. परंतु कर्तव्य वसूल करणे कठीण आहे म्हणून ते कर्तव्यच नाही, असे होत नाही.

खरेदीदाराची तक्रार हाही शब्दच आहे, आणि विक्रेत्यानेही वस्तू डोळ्यांआड असतानाच त्यावर विश्वास ठेवायचा असतो. म्हणून हौस फिटल्यावर किंवा स्वतःच्या हातून मोडतोड झाल्यावर वर्णनाला दोष देणारा खरेदीदार त्याच कसोटीवर अनाप्त ठरतो. त्याने दोष दिसताच कळवावे, वापर थांबवावा, गंजाची रेघ आहे तेवढीच दाखवावी आणि पूर्ण रक्कम परत मिळाल्यावर वस्तू मागवली गेली तर ती स्वाधीन करावी. थोड्या रकमेची तडजोड त्याने खुशीने स्वीकारली तर तीत गैर काही नाही. पण परतीच्या खर्चाची भीती दाखवून ती गळी उतरवली गेली, तर त्या संमतीला संमती म्हणता येत नाही.

परतीचे ओझे विक्रेत्याचे, हाच या विचाराचा निष्कर्ष आहे. कारण खरेदीदाराला पाहता येणार नाही हे जाणूनच त्याने शब्द दिला आणि त्या शब्दावर दाम घेतला. दाम स्वीकारताना जे अंतर आड आले नाही, ते दाम परत करताना आड येते असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही.