एकास अनेकवचन

इंग्रजी व्याकरण शिकू लागलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यास कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचा जो नियम आरंभीच पाठ करावा लागतो, तो दिसावयास इतका निरुपद्रवी आहे की, त्याच्यापायी कोणी बापाचा मार खाल्ला असेल किंवा कोणाला न्यायासनासमोर अपराधी म्हणून उभे राहावे लागले असेल, अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, कर्ता अनेकवचनी तर क्रियापद अनेकवचनी. ‘ही’ला ‘इज’ आणि ‘दे’ला ‘आर’. फक्त द्वितीय पुरुषापाशी हा नियम अडखळतो. समोर एकटा मनुष्य असो की हजारांची सभा, इंग्रज ‘यू आर’ असेच म्हणतो. आणि एका माणसास हे अनेकवचनी क्रियापद कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलास मास्तर ‘तसा प्रघात आहे’ एवढे सांगून पुढच्या धड्याकडे वळतात. सतराव्या शतकातील इंग्लंडात मात्र असा एक पंथ उदयास आला की, ज्याने हा प्रघात म्हणजे उघडउघड असत्य भाषण आहे असे ठरविले आणि असत्य भाषण हे ईश्वराच्या दृष्टीने पाप असल्यामुळे ते न करण्याचे व्रत घेतले. क्रियापदाचे रूप खोटे बोलू शकते काय, हा प्रश्न वैयाकरणांच्या बैठकीतून उठून धर्माच्या चावडीवर आला, तो असा.

त्या काळी इंग्रजीत एका माणसासाठी ‘दाऊ आर्ट’ आणि अनेकांसाठी ‘यू आर’ अशी निरनिराळी रूपे होती. परंतु फ्रेंच दरबारी रीतीच्या अनुकरणाने श्रेष्ठाला अनेकवचनाने संबोधण्याचा शिरस्ता तेथे मध्ययुगातच रुजला आणि हळूहळू सरदारांकडून सावकारांकडे व सावकारांकडून शिष्टसंमत वर्तनाची हौस असलेल्या प्रत्येकाकडे उतरत गेला. मग जे एकवचन मुळात केवळ संख्येचे चिन्ह होते, ते पायरीचे चिन्ह झाले. 1603 मध्ये विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायसभेत त्या मानी पुरुषास हेतुपुरस्सर ‘दाऊ’ म्हटले, इतकेच नव्हे तर आपण तसे म्हणत आहोत हेही त्याच्या तोंडावर बजावले. अपमानासाठी दुसऱ्या शिवीची गरज उरली नव्हती. थॉमस फुलर या धर्मोपदेशकाने 1655 च्या सुमारास या व्यवहाराची जणू सनदच लिहून ठेवली आहे: वरिष्ठाने कनिष्ठास ‘दाऊ’ म्हणणे हा त्याचा अधिकार, बरोबरीच्यांनी परस्परांस म्हणणे ही सलगी, पण कनिष्ठाने वरिष्ठास म्हटले तर ते अज्ञानाने असल्यास गावंढळपणा आणि मुद्दाम असल्यास तुच्छता.

लेस्टरशायरमधील एका विणकराचा मुलगा, चांभारकामाची उमेदवारी केलेला जॉर्ज फॉक्स (1624–1691), याने नेमका हाच अधिकारपट फाडला. त्याचे अनुयायी स्वतःस ‘मित्र’ म्हणवीत. जगाने त्यांना क्वेकर हे नाव दिले. राजा असो, न्यायाधीश असो की भिकारी असो, ते एकट्यास ‘दाऊ’ आणि अनेकांस ‘यू’ म्हणत, कोणापुढेही टोपी काढीत नसत आणि शपथही घेत नसत. 1660 मध्ये फॉक्सने जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली या दोन बहुभाषी सहकाऱ्यांच्या साहाय्याने एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांना मुळाक्षरे शिकविण्याची मुठीची पाटी त्या काळी ‘बॅटल-डोअर’ या नावाने ओळखली जाई. तेच नाव या ग्रंथास दिले होते आणि त्याच्या पानांवर तिचीच आकृती छापली होती. एकास एकवचन आणि अनेकांस अनेकवचन हा धडा देशातील शिक्षकांना व पंडितांना नव्याने शिकविणे हे त्याचे प्रयोजन होते, आणि त्यासाठी लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांसारख्या कितीतरी भाषांची रूपे साक्षीस बोलावली होती. विद्वानांना शाळकरी पोरांच्या बाकावर बसविण्याचा हा खोडसाळपणा मला मोठा रमणीय वाटतो. परंतु ज्यांना त्या बाकावर बसविले, त्यांना तो तसा वाटला नसावा.

याची किंमत घराघरांतून मोजली जात होती. पुढे अंध कवी मिल्टनला ग्रंथ वाचून दाखविणारा आणि फॉक्सच्या आत्मचरित्राचे संपादन करणारा टॉमस एलवुड हा तरुण वयात या पंथाकडे वळला, तेव्हा त्याच्या बापाने त्याच्या साऱ्या टोप्या एकामागून एक काढून घेतल्या. टोपीच नसेल तर पोरगा ती डोक्यावर ठेवून आपला उपमर्द करणार कसा, असा त्या गृहस्थाचा हिशेब होता. पण टोपी हिरावता येते, जीभ नाही. मुलाला बापाशी बोलण्याचा प्रसंग आला की तो ‘यू’ म्हणावयास धजत नसे, ‘दाऊ’ म्हणे, आणि शब्द तोंडातून बाहेर पडताच बापाच्या मुठी त्याच्यावर पडत. हे सर्व एलवुडने स्वतःच लिहून ठेवले आहे. याच पंथात गेलेल्या विल्यम पेनचा बाप आरमाराचा सेनापती होता. तो व्यवहारी निघाला: राजा, राजाचा भाऊ आणि मी, एवढे तिघे सोडून वाटेल त्याला ‘दाऊ’ म्हण, अशी तडजोड त्याने मुलापुढे ठेवली, असे सांगतात. मुलाने ती मान्य केली नाही.

फॉक्सची युक्तिवादाची पद्धत साधी, पण बोचणारी होती. हेच मानी लोक प्रार्थनेत प्रत्यक्ष ईश्वराला ‘दाऊ’ म्हणतात. जे परमेश्वराला चालते, ते परगण्यातल्या जमीनदाराला चालू नये काय? या आक्षेपास उत्तर देणे कठीण होते, कारण 1611 च्या अधिकृत इंग्रजी बायबलात भाषांतरकारांनी मुळातील वचनभेद कसोशीने पाळून देवाला, राजाला, गुलामाला आणि सैतानालाही, तो एकटा असेल तर, ‘दाऊ’ असेच संबोधिले होते. पेनने आपल्या ‘नो क्रॉस, नो क्राऊन’ या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकात त्यास इतिहासाची जोड दिली: एका व्यक्तीस अनेकवचन लावण्याची खोड ही गर्विष्ठ पोपांच्या व बादशहांच्या खुशामतीतून निघाली असून ख्रिस्ती मनुष्याने ती चालविणे म्हणजे एका मर्त्य जीवास त्याच्या वाट्याहून अधिक देणे होय.

आपणां मराठी माणसांस यात परके काही वाटू नये. ‘गडी आला’ आणि ‘रावसाहेब आले’ या दोन वाक्यांत दोन्हीकडे दारातून एकेकच मनुष्य आत आला आहे; पण कोणास ओट्यावर थांबवावयाचे आणि कोणासाठी बैठक झाडावयाची, हे क्रियापदाने आधीच सांगून टाकले आहे. वारकरी पांडुरंगाला ‘तू’ म्हणतो आणि तोच वारकरी कज्जाच्या निमित्ताने मामलेदाराच्या कचेरीत गेला की ‘आपण’ म्हणतो. फॉक्सने हे पाहिले असते तर त्याला आपल्या आक्षेपाचा आणखी एक पुरावा मिळाल्यासारखे वाटले असते. परंतु मला वाटते, येथेच त्याची गफलतही उघडी पडते. वारकऱ्याचे ‘तू’ हे देव एक आहे या गणिताचे फल नव्हे. ते जवळिकीतून येते. आईलाही तो त्याच हक्काने ‘तू’ म्हणतो. संख्या तेथे मनातही नसते, तर तिच्या खरेखोटेपणाचा प्रश्न कोठून उद्भवणार?

शिवाय ज्या शास्त्राचा फॉक्सला आधार, त्याच्या पहिल्याच वाक्यात एक अडचण दबा धरून बसली आहे. हिब्रू बायबलाच्या आरंभी जगाची उत्पत्ती करणाऱ्या देवासाठी ‘एलोहिम’ हा शब्द आहे, तो रूपाने अनेकवचनी. आणि त्याने उत्पत्ती केली हे सांगणारे ‘बारा’ हे क्रियापद मात्र एकवचनी. कर्त्याचा व क्रियापदाचा मेळ सृष्टीच्या पहिल्याच कार्यात बसत नाही! काही ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनी या विसंगतीत पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याची चाहूल ऐकली; कॅल्व्हिनसारख्या करड्या धर्मसुधारकाने हा पुरावा कच्चा म्हणून बाजूस सारला; आणि हिब्रूच्या व्याकरणकारांनी त्यास महिमादर्शक अनेकवचन असे नाव देऊन प्रश्न मिटविला. म्हणजे एका व्यक्तीसाठी अनेकवचनी रूप योजणे हे जर खुशामतखोर मानवाने काढलेले असत्यच असेल, तर ते पवित्र ग्रंथाच्या उंबरठ्यावरच आढळावे, ही गोष्ट क्वेकरांच्या पक्षास पेचात टाकणारी आहे.

या वादातील खरा निवाडा मात्र अनपेक्षित ठिकाणी लिहिला गेला असे मी समजतो. ‘बॅटल-डोअर’चा एक कर्ता बेंजामिन फर्ली हा पुढे रॉटरडॅम येथे व्यापारी म्हणून भरभराटीस आला, त्याच्या घरी मोठा ग्रंथसंग्रह होता, आणि 1687 पासून 1689 पर्यंत त्या घरात जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ आश्रयास राहिला होता. त्याच सुमारास त्याने मानवी बुद्धीवरील आपला महाग्रंथ सिद्ध केला आणि त्याच्या तिसऱ्या खंडात असे प्रतिपादन केले की, शब्द आणि त्याचा अर्थ यांत कोणताही निसर्गसिद्ध संबंध नसून माणसे आपल्या इच्छेने शब्दास अर्थ नेमून देतात आणि तो अर्थ लोकांच्या मूक संमतीने चालू राहतो. यजमानाने तरुणपणी ज्या समजुतीसाठी एवढा मोठा ग्रंथ रचण्यास हातभार लावला, तिच्या पायाखालची जमीन पाहुणा त्याच्याच छपराखाली बसून उकरीत होता. दोघांत यावर काय बोलणे झाले असेल, ते ऐकावयास मी पुष्कळ काही दिले असते. लॉकचे म्हणणे ग्राह्य धरले तर ‘यू आर’ या रूपात असत्य नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही समोर एकच मनुष्य आहे हे जाणतात, कोणी कोणास फसवीत नाही, आणि जेथे फसवणूक नाही तेथे खोटेपणा नाही.

तरीही फॉक्सची फिर्याद काढून टाकण्याजोगी नव्हती. तिचा पुरावा चुकला, कैफियत खरी होती. अनेकवचन खोटे नव्हते, ते विषम रीतीने वाटले जात होते. एकाच ईश्वराची लेकरे असे ज्यांना रविवारी व्यासपीठावरून सांगितले जाई, त्यांच्यातील एकास सोमवारी ‘यू’ आणि दुसऱ्यास ‘दाऊ’ मिळे, यातील विसंगती संख्येची नसून मनुष्यत्वाच्या मोजदादीची होती. ती सांगण्यासाठी फॉक्सला व्याकरणाखेरीज दुसरी भाषा सापडली नाही.

पुढे जे घडले ते कोणाच्याही मनात नव्हते. समता आली, पण उलट्या वाटेने: सर्वांस एकवचन मिळण्याऐवजी सर्वांस अनेकवचन मिळाले आणि ‘दाऊ’ बोलीतून जवळजवळ नाहीसे झाले. अठराव्या शतकात भाषेनेच या गोंधळातून एक वाट काढली होती. पुष्कळ लिहिते-बोलते लोक एकास ‘यू वॉज’ आणि अनेकांस ‘यू वेअर’ म्हणू लागले. सर्वनाम आदराचे आणि क्रियापद संख्येचे, असा तो समझोता होता. 1762 मध्ये रॉबर्ट लाऊथने आपल्या छोट्या व्याकरणात त्यास घोर अपभाषण ठरविले. हा लाऊथ पुढे लंडनचा बिशप झाला आणि हिब्रू काव्याचा नामांकित पंडित होता. अनेकवचनी नाम व एकवचनी क्रियापद यांचा संसार पवित्र ग्रंथात सुखाने चालतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? पण इंग्रजीत ती मुभा त्याने दिली नाही. अमेरिकेत कोशकार नोहा वेब्स्टरने ‘यू वॉज’ची वकिली केली, ती फुकट गेली. क्वेकरांच्या घरीही व्याकरणाने आपले देणे वसूल केलेच. विशेषतः अमेरिकेतील त्यांच्या वस्त्यांत ‘दाऊ आर्ट’च्या जागी ‘दी इज’ असे रूप रूढ झाले. कर्त्याच्या जागी कर्माचे सर्वनाम आणि त्याला तृतीय पुरुषाचे क्रियापद. वचनासाठी ज्यांच्या पूर्वजांनी यातना सोसल्या, त्यांच्या तोंडी वचन टिकले आणि पुरुष हरवला.

शेवटी ‘दाऊ’ उरले ते एका ईश्वरासाठी. 1952 मध्ये पूर्ण झालेल्या सुधारित अमेरिकन बायबलात माणसांना ‘यू’ आणि प्रार्थनेतील देवाला ‘दाऊ’ अशी वाटणी झाली, आणि लगेच पेच उभा राहिला की, भूतलावर वावरणाऱ्या येशूला काय म्हणावयाचे? भाषांतरकारांनी शिष्यांच्या तोंडी ‘यू’ घातले, तेव्हा त्याचे देवत्वच यांनी सर्वनामाच्या आडून नाकारले, असा गिल्ला सनातन्यांनी केला. 1989 च्या आवृत्तीने देवालाही ‘यू’ देऊन ती वाटणीच मोडीत काढली. आता एकाच देवावर श्रद्धा ठेवणारा इंग्रज त्याला अनेकवचनी क्रियापदाने आळवितो. यावर जुन्या भाविकांची तक्रार होती खरी. पण एकास अनेक केले, ही ती तक्रार नव्हे. देवाला ‘यू’ म्हणणे फार सलगीचे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते.