जाणत्याचं देणं

इंग्रजीच्या तासाला मी मुलींना ‘कीप अब्रेस्ट’, ‘इन द लूप’, ‘इअर टू द ग्राउंड’ असे वाक्प्रचार शिकवायचे. फळ्यावर साऱ्यांचा अर्थ एकच: खबर ठेवणे. ‘ग्रेपव्हाइन’पाशी, म्हणजे कानोकानी पसरणाऱ्या बातमीपाशी, मात्र थांबायचे आणि बुकर टी. वॉशिंग्टनविषयी सांगायचे. व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर ते गुलाम म्हणून जन्मले. 1901 साली आलेल्या ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाची बित्तंबातमी गुलामांना असे. तीनेक मैलांवर टपाल आणायला धाडलेला गुलाम तिथे मुद्दाम रेंगाळे, पत्रं घेऊन बोलत थांबलेल्या गोऱ्यांचं सगळं कानात साठवी आणि परतताना आपल्या माणसांना सांगत येई. मालकाच्या वाड्याआधी बातमी बऱ्याचदा झोपड्यांत पोचलेली असे. त्या युद्धाच्या निकालावर त्यांची सुटका अवलंबून होती.

आणि दुसरीकडे धृतराष्ट्र. त्याच्याइतका माहितगार राजा कुठला? युद्धात संजयाची दिव्यदृष्टी दिमतीला, युद्धाआधी विदुर सारं तोंडावर सांगणारा. द्यूतसभेत तर तो स्वतः बसलेला होता आणि काय जिंकलं एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, हे आपण सगळेच ऐकत आलो. मला त्यापुढचं विचारायचंय. कळूनही जागचा न हललेला माणूस, ज्याला कळलंच नाही त्याच्यापेक्षा अधिक दोषी का? मी म्हणेन, हो. अंधत्वाची सबब धृतराष्ट्राला देता येत नाही. त्याला सगळं दिसलं होतं.

आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात जो तो विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. इथे आकडा नुसता ऐकून कुणी बसत नाही. धान्य माळ्यावर चढतं, म्हशी वरच्या अंगाला हलतात, नदीकाठच्या पाहुण्यांना फोन जातो, ‘निघून या, जेवण इकडंच.’

माझी धाकटी जाऊ म्हणते, “वहिनी, सुदानमधली लेकरं उपाशी आहेत हे वाचून मी इथून काय करू? वाचूच नये.” तिचं दुःख खरं आहे, म्हणूनच ती पान उलटते. साऱ्या जगाचं ओझं एकटीनं उचलावं, असं मीही म्हणत नाही. पण जमतील तेवढे पैसे पाठवता येतात. जेवताना कुणी त्या लोकांविषयी हलकं बोललं, तर तिथल्या तिथे अडवता येतं. एवढं तरी आपल्या हातात आहे, आणि ते बातमी कळल्याशिवाय होत नाही.

तिला अजून पटलेलं नाही. मी रोज वाचते, आणि तिला वाचून दाखवते.