आजाराचा ‘मी’

‘दासबोध’ शिवथरच्या घळीत लिहिला गेला, अशी परंपरा आहे. त्याच्या तिसऱ्या दशकात, सहाव्या समासात, देहव्याधींची लांबलचक यादी येते. पण त्या भोगणारा ‘मी’ तेथे नाही. तो नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’त भेटतो. सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभारली.

कोवळ्या वयातील दुखणे लिहिताना आईबापांची भीतीही लिहावी लागते. ती उघड करण्याचा अधिकार लेखकाला आहे काय? आम्हांस वाटते, आहे. मात्र स्वतः पाहिले तेवढ्यापुरताच. आईने पदराने पुसलेले डोळे मुलाने पाहिले, तर ते त्याच्याही दुखण्याचा भाग झाले. दाराआड ती काय बोलली, ते तिला विचारूनच लिहावे. आणि विचारायला आईच उरली नसेल तर? तेथे आमचा निर्णय होत नाही.