‘लेट गो’ नक्की कोण करतं?

इंग्रजी शिकताना सगळ्यात जास्त दमवतात ती फ्रेजल व्हर्ब्ज. ‘गिव्ह’ कळतं, ‘अप’ही कळतं, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणं, हे दोघांची बेरीज करून निघत नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणं. पाठच करायचं. आपल्याकडेही हे आहेच. ‘देणं’ आणि ‘टाकणं’ माहीत असलं, तरी ‘देऊन टाकलं एकदाचं’ यातला सुटकेचा निःश्वास परक्या माणसाला शब्दकोशात सापडत नाही.

अर्थ सुट्या शब्दांत नसला की एक सोय होते. कठोर गोष्टही साध्यासुध्या शब्दांत गुंडाळता येते. ‘वी हॅड टू लेट हिम गो.’ शब्दशः, त्याला जाऊ द्यावं लागलं. जणू तो दारात उभा राहून ‘निघतो, निघतो’ म्हणत होता आणि आम्ही नाइलाजाने त्याचा हात सोडला.

‘ले ऑफ’चंही तसंच. मुळात त्याचा अर्थ काम तात्पुरतं थांबवणं. आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा फरक स्पष्ट केला होता. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही म्हणून मालक काही काळ काम देऊ शकत नसेल, तर तो ले-ऑफ. कामगाराचं नाव हजेरीपटावर राहायचं. कायमचं काढलं तर ती कामगार कपात. तिच्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, असे नियम होते. आज आयटीत ‘ले-ऑफ झाला’ म्हणतात, तेव्हा परत बोलावण्याचा प्रश्नच नसतो. कायमच्या गोष्टीला तात्पुरत्याचं नाव.

माझ्या टीममधल्या एका मित्राला असंच ‘लेट गो’ केलं. मेल अतिशय सभ्य होती. पण रात्री गावी फोन करून आईला सांगायचं, तर मराठीत ‘मला जाऊ दिलं’ म्हणता येईना. ‘काढलं’ म्हणावं लागलं. आईचा पहिला प्रश्न, “कोणी काढलं?” त्या मेलमध्ये याचं उत्तर नव्हतं. ‘वी’ होतं, पण त्या ‘वी’ला चेहरा नव्हता.

मग मऊ शब्द वापरणं वाईटच का? मला तसं वाटत नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. माणूस मेला असं न म्हणता ‘गेला’ म्हणतो. यात खोटेपणा नाही, कारण तो मऊपणा ऐकणाऱ्यासाठी असतो. ज्याचं माणूस गेलं, त्याला शब्दाचा तरी ओरखडा लागू नये म्हणून. ‘लेट गो’चा मऊपणा बोलणाऱ्यासाठी असतो. ज्याची नोकरी गेली त्याचा ईएमआय त्याने हलका होत नाही. ज्याने यादी केली त्याला मात्र शांत झोप लागते.

कपात कधी खरंच अटळ असते, हे मी नाकारत नाही. पण निर्णय अटळ असला, तरी तो घेणारा माणूस असतोच. तेव्हा असं वाक्य लिहिताना एक करून बघावं: तेच मराठीत, कर्त्यासकट, त्या माणसाच्या आईला सांगता येईल का? ‘मी तुमच्या मुलाला कामावरून काढलं, कारण...’

हे बोलताना जीभ अडखळेल. अडखळू दे. निदान त्या ‘कारण’च्या पुढे काय लिहायचं, याचा विचार तरी करावा लागेल.