प्रारब्ध कोणाचे, कर्तव्य कोणाचे?

सानपाडा येथे आमच्या वास्तव्यास आता बरीच वर्षे झाली. भातशेतीवर, मिठागरांवर व खाडीवर उपजीविका करणाऱ्या ह्या भूमीवर आज उंच इमारती उभ्या आहेत. परवा एका विद्वान स्नेह्यांशी बोलता बोलता १९७० नंतर नव्या शहरासाठी गेलेल्या ९५ गावांच्या जमिनींचा विषय निघाला. स्नेही म्हणाले, "काय करणार! ज्याचे त्याचे प्रारब्ध." उद्गार सहज होता, परंतु तो आमच्या मनातून जाईना.

आमच्या शास्त्रकारांनी कर्माचे तीन भेद केले आहेत. अनेक जन्मांत साठले ते संचित. त्यांपैकी ज्याच्या फलभोगास आरंभ झाला ते प्रारब्ध. आणि ह्या क्षणी आपल्या हातून घडत आहे ते क्रियमाण. पहिल्या दोहोंवर आपली सत्ता नाही, तिसऱ्यावर आहे. म्हणून कर्तव्याचा प्रश्न तेथेच उद्भवतो. शेजाऱ्याचे दुःख पाहून स्वस्थ बसणे हेही क्रियमाणच होय, व त्याचेही फळ चुकत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहार्थ कर्म करीतच राहिले पाहिजे, असे प्रतिपादिले, ते उगीच नव्हे.

ह्यावर एक आक्षेप आहे, व तो गंभीर आहे. आजच्या दारिद्र्यास गतजन्मीचे पाप कारण मानले, की समाज व राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून सुटतात, असे डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात दाखविले. हा सिद्धांताचा केवळ दुरुपयोग आहे, असे म्हणून आम्हांस सुटता येणार नाही. स्वधर्म जन्माशी बांधून आमच्याच पूर्वजांनी त्या दुरुपयोगास दार उघडून दिले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

परंतु उत्तरही ह्याच भूमीने दिले आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने ५ जणांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याचे धोरण आले. ज्यास आमचे स्नेही प्रारब्ध म्हणतात, त्याचा काही अंश तरी माणसांच्या क्रियमाणाने पालटला. ते प्रारब्ध म्हणून घरी बसते, तर तेवढेही न मिळते.

तात्पर्य, 'प्रारब्ध' हा शब्द प्रथमपुरुषीच शोभतो. स्वतःच्या दुःखात तो धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी उच्चारला की तो निष्ठुरपणाचे पांघरूण होतो. आमचे स्वतःचे घरही त्याच भूमीवर उभे आहे. पूर्वजन्मी आम्ही काय पुण्य केले, हे आम्हांस ठाऊक नाही. ह्या जन्मी कोणाचे देणे लागतो, हे मात्र पक्के ठाऊक आहे.