रिपोर्ट निगेटिव्ह आल्यानंतरची भीती

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. भुसावळहून सुरतेला जाणारी रेल्वे जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत तापीच्या खोऱ्यातून जाते, आणि तिच्यात बसून खानदेशातली कितीतरी कुटुंबं पोटासाठी सुरतेच्या उधना-लिंबायत भागात जाऊन राहिली. १९९०च्या दशकात एड्सची चर्चा आपल्याकडे याच वाटांनी आली. ट्रकचालक, ढाबे, परगावी एकटा राहणारा कामगार, आणि पोस्टरवरची कवटी. औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा लोकांना घाबरवणं हाच उपाय वाटला असावा. ती कवटी लोकांच्या मनातून अजून उतरलेली नाही. तिची झळ आज अशा माणसांनाही बसते आहे, ज्यांना या रोगाचा धोका जवळपास नाहीच.

हा माणूस बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. नोकरी करणारा, शिकलेला, कधी लग्न ठरलेला. एकदा कुठेतरी शरीरसंबंध आला. कंडोम वापरला होता. तो फाटला नाही, निसटला नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून झोप उडते. महिन्याभरानं रक्त तपासतो, रिपोर्ट निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा, निगेटिव्ह. मग ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून जळगावचा धुळ्याला जातो, धुळ्याचा नाशिकला, आणि खासगी लॅबमध्ये पैसे मोजून तीच चाचणी परत करतो. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी डोक्यात तोच प्रश्न: ‘मन्हं काय व्हई?’

‘उगाच घाबरतोस’ म्हणून त्याला वाटेला लावणं सोपं आहे. पण तो खरोखर सोसतो आहे, आणि त्याला खरं उत्तर मिळण्याचा हक्क आहे. म्हणून आधी शरीराचं सांगतो.

एड्सचा विषाणू एचआयव्ही रक्तातून, वीर्यातून, योनीतल्या व गुदद्वारातल्या स्रावातून आणि आईच्या दुधातून पसरतो. धडधाकट कातडीतून तो आत जात नाही. लाळेतून, घामातून, मिठी मारल्यानं, एकाच ताटात जेवल्यानं, डास चावल्यानं तो होत नाही. आता आकडे बघा. लागण झालेल्या आणि औषधं न घेणाऱ्या स्त्रीशी कंडोमशिवाय एकदा संबंध आला, तर पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण ४ धरली जाते. उलट बाजूनं, पुरुषाकडून स्त्रीला, ती साधारण ८ आहे. गुदसंभोगात ग्रहण करणाऱ्याला मात्र ती दहा हजारांत १३८ पर्यंत जाते. जननेंद्रियावर व्रण असतील तर धोका वाढतो. हे सगळे आकडे कंडोम नसतानाचे आहेत. शाबूत कंडोमच्या रबरातून विषाणू पार होत नाही. कंडोमनं लागण सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते, असं अभ्यासांत दिसतं खरं, आणि घाबरलेला माणूस नेमका उरलेल्या २० टक्क्यांना धरून बसतो. पण त्या अभ्यासांत लोक प्रत्यक्षात कंडोम कसा वापरतात ते मोजलेलं असतं: कोणी उशिरा चढवला, कोणाचा फाटला, कोणी ‘नेहमी वापरतो’ म्हणून सांगितलं पण वापरला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शाबूत राहिलेल्या कंडोमची ती गोष्ट नव्हे.

कंडोम फाटलाच, तर वाट बघत बसायचं नाही. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. त्यांना गरज वाटली तर संसर्ग रोखणारी औषधं सुरू होतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. चाचणीचंही वेळापत्रक आहे. विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नव्या चाचणीत ४५ दिवसांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट भरवशाचा. साध्या रॅपिड चाचणीसाठी तीन महिने धरायचे. मधल्या काळात दुसरा काही धोका घडला नसेल, तर त्यापुढे तीच चाचणी पुन्हा करून नवं काही हाती लागत नाही.

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सिफिलिस, हर्पिस यांचे व्रण कंडोमनं न झाकलेल्या भागावरही असू शकतात, म्हणून या रोगांपासून कंडोमचं संरक्षण कमी पडतं. तब्येतीचीच काळजी असती तर या माणसानं सिफिलिसची चाचणी आधी मागितली असती. ती स्वस्त आहे आणि सिफिलिस पेनिसिलिननं बराही होतो. तो सहसा तिच्याबद्दल विचारत नाही. हेपेटायटिस-बीची लसही मागत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच नाव असतं. कारण त्याच्या मनात केलेल्या कृत्याची शिक्षा ठरलेली आहे, आणि ती शिक्षा म्हणून आपल्या समाजानं एड्सच नेमून दिला आहे.

मग शरीर पुरावे पुरवू लागतं. भूक मरते, वजन उतरतं, जुलाब होतात, छातीत धडधडतं, रात्री घाम फुटतो. हे सारं सततच्या धास्तीनं होतं, पण त्यानं वाचलेल्या लक्षणांच्या यादीतही नेमकं हेच असतं. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पंखा गरम हवा फेकतो, अख्खं घर घामानं निथळत असतं. त्यातही त्याला स्वतःचाच घाम वेगळा वाटतो. मानेवर गाठ आहे का म्हणून दिवसातून अनेकदा दाबून बघितलं की तिथं दुखायला लागतंच.

ही भीती मराठी माणसाला नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते छापून उत्तरं देत. हस्तमैथुनासारख्या विषयांवर घरात, वैद्याकडे, गुरुजींकडे तोंड उघडता येत नव्हतं, तेव्हा ही एक जागा होती. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिक लैंगिक विषयासाठीच असेल, तर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात अश्लील काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी ते मासिक चालवत राहिले, ते १९५३ मध्ये मरेपर्यंत. प्रश्नांची ती जागा आजही बहुतेक घरांत रिकामीच आहे. खानदेशात एसटीच्या खिडकीतून बघा, गुप्तरोगाच्या ‘खात्रीशीर’ इलाजाच्या जाहिराती भिंतींवर दिसतात. मुलं आपली भीती घेऊन तिकडे जातात, आणि तिथं भीती आणखी वाढवूनच विकली जाते.

आता ज्या बाईशी संबंध आला तिच्याबद्दल. ती शरीरविक्रय करणारी असेल तर हा माणूस गृहीतच धरतो की तिला रोग असणार. देशपातळीवरच्या पाहणीत अशा स्त्रियांमधलं एचआयव्हीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. सर्वसाधारण प्रौढांतल्या ०.२ टक्क्यापेक्षा ते जास्त आहे, पण शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना लागण नाही, हेही त्यातच आलं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाशी जोडलेल्या स्त्रियांची एचआयव्ही चाचणी दर सहा महिन्यांनी व्हावी असा नियम आहे. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आत्ता रक्त तपासतो आहे. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ पासून या स्त्रियांबरोबर काम केलं, कंडोम त्यांनीच एकमेकींपर्यंत पोचवले, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्या शिकल्या, आणि पुढे ‘वेश्या अन्यायमुक्ती परिषद’ उभी राहिली. महाराष्ट्रातली साथ उतरली त्यात या बायकांच्या हट्टाचा वाटा मोठा आहे. त्या रात्री कंडोमचा आग्रह बहुधा तिनंच धरला असेल. ज्या बाईनं त्याला वाचवलं, तिच्याकडेच तो रोगाचं घर म्हणून बघतो, हा अन्याय आहे, आणि तो मला सहन होत नाही.

संबंध दुसऱ्या पुरुषाशी आला असेल तर भीती दुप्पट होते. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन सज्ञानांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळला, पण घराला आणि गल्लीला तो निकाल अजून पोचलेला नाही. अशा मुलाला समुपदेशकापुढे खरं बोलायलाच महिने लागतात.

या माणसाला मरणाचं भय आहे असं आपण समजतो. मला वाटतं, मरणाहून मोठं भय त्याला आहे ते ‘तसला’ ठरण्याचं. हे भय हवेतून आलेलं नाही. १९८९ मध्ये गोव्यातल्या पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझाला पोलिसांनी उचललं. तो रक्तदान करायचा, त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, एवढाच त्याचा गुन्हा. क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ एकटं कोंडून ठेवलं. १९९२ मध्ये तो वारला. एका सार्वजनिक कंपनीनं कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढलं, तेव्हा नाव गुप्त ठेवून तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. काम करू शकणाऱ्याला केवळ एचआयव्हीमुळे काढता येणार नाही, असा निकाल १९९७ मध्ये लागला. न्याय मिळाला, पण न्याय मागण्यासाठी नाव लपवावं लागलं. लागण झालेल्याचं भांडं वेगळं ठेवणारं, विधवेला सासरहून हाकलणारं गाव बघत जो वाढला, तो निगेटिव्ह रिपोर्ट हातात धरूनही थरथरणारच.

म्हणून औषधाची गोष्ट लागण न झालेल्यांनाही कळायला हवी. १ एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत देतं. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. नेमानं ती घेतली तर माणूस काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. औषधानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशी एकही लागण सापडली नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला, गुप्तता मोडायला आणि नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी घातली आहे. एचआयव्हीला मधुमेहासारखा सांभाळता येणारा आजार म्हणून ज्या गावानं स्वीकारलं, त्या गावात या मुलाची झोप उडणार नाही. लागण झालेल्याची अवहेलना थांबवणं आणि या मुलाची भीती घालवणं, हे माझ्या लेखी एकच काम आहे.

तोवर त्याला मी एवढंच सांगेन. अपराधी वाटत असेल तर वाटू दे. बायकोशी किंवा स्वतःशी काही चुकलं असेल तर त्याचा विचार जरूर कर. पण त्याचं उत्तर रक्ताच्या नळीत शोधू नकोस, ते तिथं नाही. चाचणीची मुदत पूर्ण झाल्यावर जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) जा. चाचणी मोफत आहे, समुपदेशक गुप्तता पाळायला बांधील आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला की चाचण्या थांबव. तरीही विचार थांबत नसतील, पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटत असेल, तर तो मनाचा आजार आहे. त्यावर औषधं आणि बोलून करायचे उपचार दोन्ही आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. एचआयव्हीबद्दल विचारायला १०९७ आणि मनाबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.